फुटबॉलचें मैदान आणि आमच्या मुली

खेळ म्हणजे रिकाम्या वेळची करमणूक. त्यांत विचार करण्याजोगें असें काय आहे, असें पुष्कळांस वाटतें. परंतु कोणता खेळ कोणीं खेळावा, कोठें खेळावा, किती वाजेपर्यंत खेळावा आणि कोणाच्या देखत खेळावा, ह्यांविषयींचे नियम खेळाच्या पुस्तकांत छापलेले नसतात. ते समाजाच्या मनांत असतात, आणि छापील नियमांपेक्षां अधिक कडकपणें पाळले जातात. फुटबॉलच्या नियमांत खेळाडूंची संख्या अकरा सांगितली आहे, चेंडूचा घेर आणि वजन सांगितलें आहे. खेळणारा पुरुषच असावा असें मात्र कोठेंहि सांगितलेलें नाहीं. असें असूनहि वर्धा, देवळी, आर्वी, हिंगणघाट ह्यांपैकीं कोणत्याहि तालुक्यांतील खेड्यांत दिवस कलतां कलतां गेलें, तर मोकळ्या पटांगणांत चेंडूमागें धांवणारे बहुधा मुलगेच दिसतात. त्याच वयाच्या त्यांच्या बहिणी त्या वेळीं कोठें असतात, हा प्रश्न साधा दिसतो खरा. पण त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे घर, शेत, शाळा, लग्न आणि रस्ता ह्या सर्वांची चौकशी करावी लागते. प्रस्तुत लेखांत ती यथामति केली आहे.

प्रथम शरीराचा आक्षेप घेऊं. स्त्रियांचें शरीर ह्या खेळास योग्य नाहीं, हें मत केवळ आपल्याकडचें नव्हे. ज्या इंग्लंडांत ह्या खेळाचे नियम बांधले गेले, तेथेंहि मोठमोठ्या लोकांनीं तें मांडलें होतें. वास्तविक तेथें १८९५ सालींच लंडन शहरांत स्त्रियांचा सामना होऊन हजारों लोकांनीं तो पाहिला होता. पुढें पहिल्या महायुद्धांत पुरुष रणांगणावर गेले आणि स्त्रिया दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामास लागल्या. (आमच्या पुलगांवास दारूगोळ्याचें मोठें भांडार असल्यामुळें हें काम किती जोखमीचें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.) प्रेस्टन येथील डिक-कर कारखान्यांतील स्त्रियांनीं सुटीच्या वेळांत चेंडू खेळतां खेळतां आपला संघ उभारला, आणि १९१७ च्या नाताळच्या दिवशीं जखमी शिपायांच्या इस्पितळासाठीं सामना करून सहाशें पौंडांवर रक्कम जमविली. २६ डिसेंबर १९२० रोजीं लिव्हरपूल येथें त्यांचा सामना पाहण्यास ५३,००० प्रेक्षक आंत बसले होते. त्यानंतर वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ५ डिसेंबर १९२१ रोजीं, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनें ठराव केला कीं, हा खेळ स्त्रियांस अनुचित आहे, सबब संघटनेंतील क्लबांनीं आपलीं मैदानें त्यांस देऊं नयेत.

हा ठराव बारकाईनें पाहण्याजोगा आहे. स्त्रियांनीं चेंडूस पाय लावूं नये असें त्यांत म्हटलेलें नाहीं. तसें म्हणण्याचा त्या संघटनेस अधिकारहि नव्हता. मनाई केली ती मैदानाची. पण मैदान गेलें म्हणजे प्रेक्षक गेले, प्रेक्षकांबरोबर पैसा गेला, आणि त्यांच्यामागून वर्तमानपत्रांतील नांवहि गेलें. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षें टिकली. पश्चिम जर्मनींत १९५५ पासून १९७० पर्यंत अशीच बंदी होती, आणि ब्राझील देशांत तर १९४१ पासून १९७९ पर्यंत सरकारी हुकुमानेंच हा खेळ स्त्रियांस निषिद्ध होता. शरीर जर खरोखरच असमर्थ असतें, तर इतक्या ठरावांची आणि हुकुमांची जरूरी कां पडावी? जें होऊंच शकत नाहीं, त्यास कोणी बंदी घालीत बसत नाहीं. शरीराविषयीं एवढें मात्र खरें कीं, राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगीं रक्त कमी आढळलें. ती कमतरता ताटांतील आहे. ती भरून काढणें हें घराचें आणि सरकारचें काम आहे. तिच्या नांवावर मुलीस घरीं बसविणें म्हणजे उपाशी माणसास चालण्याची मनाई करण्यासारखें आहे.

समाजाचा विरोध केवळ मुलींच्याच वांट्यास आला असेंहि नाहीं. १८९१ सालीं श्रीनगर येथील मिशन शाळेंत टिंडेल-बिस्को ह्या मुख्याध्यापकांनीं फुटबॉल आणला. चेंडू कातड्याचा आणि विद्यार्थी बहुतेक ब्राह्मण! चामड्यास शिवणें हा विटाळ, आणि धांवपळ करणें हें हलक्या लोकांचें काम, अशी त्यांची ठाम समजूत होती. मैदानाभोंवतीं शिक्षकांस छड्या घेऊन उभें केलें, तेव्हां कोठें सामना सुरू झाला. इतक्यांत एका मुलाच्या तोंडावर चेंडू आदळला, आणि आपण बाटलों म्हणून तो रडूं लागला. अखेर त्यास पाण्यावर नेऊन तोंड धुवून आणलें आणि मग खेळ पुढें चालला. छडीच्या धाकानें खेळ शिकविण्याची ही रीत अनुकरणीय आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या आक्षेपास त्या काळीं धर्माचें पाठबळ होतें, त्याचें आज नांवहि उरलें नाहीं. मुलग्यांच्या बाबतींत रूढीच्या विरुद्ध शाळा उभी राहिली. मुलींच्या बाबतींत शाळा बहुधा रूढीच्या बाजूसच उभी राहिली, इतकाच काय तो भेद.

ह्या भेदाचें माप तारखांवरून घेतां येतें. हिंदुस्थानांत ड्यूरंड चषकाची स्पर्धा १८८८ सालीं सुरू झाली. प्रांताप्रांतांतील पुरुषांची संतोष चषकाची स्पर्धा १९४१ पासूनची आहे. स्त्रियांची स्वतंत्र संघटना निघाली ती १९७५ सालीं, आणि अखिल भारतीय महासंघाच्या छत्राखालीं त्यांची राष्ट्रीय स्पर्धा होऊं लागली ती १९९१ पासून, म्हणजे पुरुषांच्या मागून बरोबर पन्नास वर्षांनीं. शाळांसाठीं असलेल्या सुब्रतो चषकाचा आरंभ १९६० चा. त्यांत मुलींच्या गटास जागा मिळाली २०१२ सालीं. मधल्या ५२ वर्षांत शाळेंतून बाहेर पडलेल्या मुलींच्या आज नाती खेळण्याच्या वयांत असतील. आणि ह्या उपेक्षेच्या काळांतच भारतीय स्त्रियांचा संघ आशियाई स्पर्धेंत दोन वेळां उपविजयी झाला होता, व शांती मलिक ह्यांस १९८३ सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला होता, हें विसरतां कामा नये.

येथें कोणी विचारील कीं, महाराष्ट्राची मुलगी एकंदर खेळांतच मागासलेली आहे काय? मुळींच नाहीं. खो-खोचें पहिलें महिला अजिंक्यपद १९६१ सालीं कोल्हापुरास झालें, आणि जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झालेल्या खो-खोच्या पहिल्या विश्वचषकांत विजयी झालेल्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही महाराष्ट्राचीच. मग चेंडूनेंच असें काय पाप केलें? खर्च म्हणावा, तर एक चेंडू असला कीं बावीस जणींची सोय होते. आमच्या मतें उत्तर मैदानाच्या मोजमापांत आहे. स्त्रियांच्या कबड्डीचें मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद, म्हणजे ९६ चौरस मीटर. खो-खोचें मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद, म्हणजे ४३२ चौरस मीटर. फुटबॉलचें मैदान १०० मीटर लांब व ६४ मीटर रुंद धरलें, तर तें ६,४०० चौरस मीटर भरतें. त्यांत कबड्डीचीं साठांहून अधिक मैदानें बसतील. कबड्डी आणि खो-खो हे खेळ शाळेच्या आवारांत, भिंतीच्या आड, बाईंच्या नजरेखालीं होतात. फुटबॉल आवारांत मावत नाहीं. त्यास माळ लागतो. आणि गांवचा माळ हा सकाळीं गुरांचा, दुपारीं कोणाचाच नव्हे, व सायंकाळीं मुलग्यांच्या क्रिकेटचा, अशी वांटणी केव्हांच होऊन गेलेली असते. आयरिस मॅरियन यंग ह्या अमेरिकन विदुषीनें १९८० सालीं एका निबंधांत असें प्रतिपादिलें कीं, मुली चेंडू फेंकतांना हात आंखडता घेतात तो स्नायूंच्या दुर्बलतेमुळें नव्हे, तर आपल्या वांट्याची जागा थोडी आहे हें लहानपणापासून अंगवळणीं पडल्यामुळें. गावकीच्या माळाचा हिशेब पाहिला म्हणजे ह्या म्हणण्याचा अर्थ अधिक उमगतो.

परंतु एवढ्यावरून, आमच्या समाजास मुलगी उघड्यावर दिसणेंच खपत नाहीं, असें अनुमान काढणें चुकीचें होईल. दिवाळीपासून पुढें दोन-तीन महिने ह्या जिल्ह्यांतील पऱ्हाटीच्या शेतांत पाहावें. कमरेस ओटी बांधून, वांकून वांकून कापूस वेचणाऱ्या बहुतेक साऱ्या स्त्रियाच असतात. त्यांत शाळेच्या वयाच्या मुलीहि सांपडतात. दिवसभर त्या उन्हांत असतात, परक्याच्या धुऱ्यावर असतात, चार लोकांच्या देखत असतात. त्यांस कोणी नांवें ठेवीत नाहीं. तीच मुलगी त्याच शेताशेजारच्या माळावर चेंडू घेऊन उतरली, तर मात्र तिच्या आईस दुसऱ्या दिवशीं विहिरीवर उत्तर द्यावें लागतें. तेव्हां आक्षेप दिसण्यास नाहीं. आक्षेप रिकामपणास आहे. कामासाठीं बाहेर असलेली स्त्री गुणी ठरते, आणि स्वतःच्या आनंदासाठीं बाहेर असलेली स्त्री संशयास पात्र होते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे ह्या तिघींनीं मुंबईंतील स्त्रियांविषयीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत हाच मुद्दा मांडला आहे कीं, रस्त्यावर असलेल्या स्त्रीस आपण कांहीं कामास निघालों आहोंत असें सतत दाखवावें लागतें. मुंबईसारख्या शहराची ही कथा, तर खेड्याची काय सांगावी!

गंमत अशी कीं, आमच्या वर्ध्याच्या सुधारणेच्या इतिहासांतहि हीच रेषा दिसते. जमनालाल बजाज ह्यांच्या आश्रयानें येथें महिलाश्रम उभा राहिला. १९३६ सालीं गांधीजी सेवाग्रामास राहावयास आले, आणि १९३७ च्या वर्धा येथील परिषदेंतून नयी तालीम निघाली. तींत मुलामुलींच्या हातांस उद्योग मिळाला. त्याच १९३६ च्या विजयादशमीस लक्ष्मीबाई केळकर ह्यांनीं वर्ध्यासच राष्ट्र सेविका समिति स्थापन केली, व तींत मुलींस लाठी इत्यादि शारीरिक शिक्षण मिळूं लागलें. दोन्ही मार्गांची दिशा निराळी होती. पण मुलीच्या देहास प्रतिष्ठा मिळाली ती श्रमासाठीं, सेवेसाठीं किंवा रक्षणासाठीं. निव्वळ खेळासाठीं ती कोणींच मागितली नाहीं. गांधीजींस स्वतःस विद्यार्थिदशेंत कसरतीची व क्रिकेटची आवड नव्हती, हें त्यांनीं आत्मकथेंत मोकळेपणें सांगितलें आहे; तेव्हां त्यांच्याकडून चेंडूची अपेक्षा करणें हेंहि योग्य होणार नाहीं.

आतां रिकामपणाचाच हिशेब करूं. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणींत असें आढळलें कीं, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं दिवसांतील सरासरी २९९ मिनिटें त्यांत जातात, आणि जे पुरुष घरकामास हात लावतात त्यांचीं ९७. ह्या मिनिटांतील पुष्कळशीं सायंकाळचीं असतात. भाऊ दप्तर टाकून पळतो. बहीण दप्तर टाकून भाकरीच्या पिठास, पाण्यास किंवा धाकट्या भावंडास हात घालते. फुटबॉलचा तासहि नेमका तोच. त्यांत वयाची अडचण येते. संघ जमण्यास चार-पांच वर्षें लागतात, आणि ज्या पाहणीचा वर उल्लेख केला, तिच्याप्रमाणें महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं सुमारें २२ टक्के स्त्रियांचीं लग्नें अठराव्या वर्षापूर्वींच झालेलीं होतीं. कबड्डीच्या संघांतून एक मुलगी गेली तर सहा उरतात व दुसरी शोधतां येते. अकरांतून तीन-चार गेल्या तर लहान गांवांत संघच राहत नाहीं. पोशाखाचा प्रश्न आहेच. पण तो केवळ खेड्यांतला समजूं नये. २०११ सालीं इराणच्या स्त्रियांच्या संघास डोकें झांकल्याच्या कारणावरून जागतिक संघटनेनेंच ऑलिंपिकच्या पात्रता-सामन्यांतून बाहेर ठेवलें होतें. कोणी अधिक झांकण्यास सांगतो, कोणी कमी. मुलीस विचारीत कोणीच नाहीं.

मग जेथें मुलींचा फुटबॉल रुजला, तेथें काय घडलें? मणिपुरचें उदाहरण सर्वांत मोठें. राष्ट्रीय अजिंक्यपद त्या लहानशा प्रांताच्या स्त्रियांनीं वीसांहून अधिक वेळां जिंकलें आहे. (त्या चषकास आतां राजमाता जिजाबाईंचें नांव आहे. नांव महाराष्ट्राचें आणि चषक मणिपुरचा, हें पाहून आम्हां मराठी माणसांस थोडें ओशाळें वाटावें.) तेथील ओइनम बेमबेम देवी ह्यांस २०२० सालीं पद्मश्री मिळाली. इंफाळचा मोठा बाजार केवळ स्त्रियाच चालवितात. १९०४ व १९३९ सालीं ह्या स्त्रिया सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. सार्वजनिक जागा ही आपलीहि आहे, हें तेथील मुलीस आईपासूनच ठाऊक असतें. झारखंडांतील गुमला जिल्ह्यांत निराळा मार्ग दिसतो. तेथें मिशनच्या व सरकारच्या शाळांचीं वसतिगृहें आहेत. वसतिगृहांतील मुलीस सायंकाळीं पाणी आणावयाचें नसतें; तिचा तास घराच्या ताब्यांतून सुटून घंटेच्या ताब्यांत गेलेला असतो. २०२२ च्या ऑक्टोबरांत भारतांत झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकांत भारताची कर्णधार अष्टम उरांव ही गुमला जिल्ह्यांतीलच होती. तिच्या नांवानें गांवांत रस्ता बांधावयास घेतला तेव्हां त्या रस्त्यावर तिचे आईबाप रोजंदारीनें काम करीत होते, हें त्या वेळीं वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें होतें. प्रेस्टनच्या स्त्रियांसहि हा तास दिला तो कारखान्याच्या सुटीनें. अमेरिकेंत तो दिला कायद्यानें: १९७२ च्या कायद्यान्वयें सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांस मुलींशीं भेदभाव करण्याची मनाई झाली. त्यापूर्वीं तेथील माध्यमिक शाळांत सर्व खेळ मिळून तीन लाखांहून कमी मुली खेळत होत्या. आतां ती संख्या तीस लाखांवर गेली आहे, आणि स्त्रियांचा पहिला विश्वचषक १९९१ सालीं त्याच देशानें नेला. कारखाना असो, वसतिगृह असो, कीं कायदा असो, घराबाहेरच्या एखाद्या संस्थेनें मुलीचा एक तास आपल्या शिरावर घेतला, तेथेंच हा खेळ उगवला, असें आम्हांस दिसतें.

विदर्भांतहि ह्याचें उदाहरण नाहीं असें नाहीं. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनीं २००१ च्या सुमारास झोपडपट्टींतील मुलांस घेऊन फुटबॉलच्या स्पर्धा सुरू केल्या. पुढें त्यांत मुलीहि आल्या, आणि त्या संस्थेस २०१६ सालीं जागतिक संघटनेचें विविधतेचें पारितोषिक मिळालें. ह्याच कार्यावरून नागराज मंजुळे ह्यांनीं २०२२ सालीं 'झुंड' हा चित्रपट काढला. त्यांत एका आदिवासी मुलीस परदेशीं खेळावयास जाण्यासाठीं आपण कोण हें सिद्ध करणारे कागद मिळवितांना बापासह कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. खेळ तिला येत होता. अडलें होतें तें कागदावर.

आमच्या जिल्ह्यापुरतें पाहिलें, तर अडचण ह्याहून साधी आहे. शाळा पांच वाजतां सुटते, आणि मार्गशीर्ष-पौषांत वर्ध्यास सहाच्या सुमारास किंवा त्याआधींच सूर्य मावळतो. महाराष्ट्राच्या मागासलेल्या तालुक्यांतून मानव विकास मिशनच्या निळ्या गाड्या खेड्यांतील मुलींस शाळेंत फुकट नेतात-आणतात. ह्या गाड्यांनीं मुलींचें शिक्षण टिकविलें ह्यांत शंका नाहीं. पण गाडी शाळेच्या घंटेस बांधलेली. सरावासाठीं जी मुलगी थांबेल तिची गाडी चुकेल, आणि गाडी चुकलेल्या मुलीची शाळाच बंद होण्याची भीति. अशा स्थितींत 'शाळा सुटल्यावर सराव' ही सूचना मुलग्यांसाठींच काढलेली असते, मग तींत तसा शब्द असो वा नसो. सराव वेळापत्रकाच्या आंत, शेवटच्या दोन तासांत घेतला, तर गाडीहि सांपडते आणि घरच्या तासासहि धक्का लागत नाहीं.

राहिला मैदानाचा प्रश्न. बेघरांच्या विश्वचषकांत, जेथें नागपूरच्या वर सांगितलेल्या संस्थेचे खेळाडू जात आले आहेत, फुटबॉल २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद जागेंत खेळतात. प्रत्येक बाजूस चार खेळाडू, आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. आमच्या बहुतेक शाळांत खो-खोचें मैदान आंखलेलें असतें, आणि तें ह्याहून पांच मीटर लांब आहे. मुलींस गांवचा माळ ह्यानें मिळत नाहीं, खेळ भिंतीच्या आडच राहतो, हा दोष आम्हांस मान्य आहे. परंतु आठ मुली, एक चेंडू आणि चौदा मिनिटें एवढ्यावर तो उद्यां सुरू करतां येतो. आणि खो-खोच्या खांबांच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन विटा ठेवल्या कीं गोलहि तयार होतात.